कयाकवर अ‍ॅक्शन कॅमेरा बसवताना: आधी दोरी, मग माउंट

सिंधुदुर्गात कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, त्या संगमावर माझा पहिला कॅमेरा गेला. जानेवारीतली सकाळ होती, पाणी अगदी निवळ. आदल्या संध्याकाळी मी कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) कॅमेरा धरून ठेवणारा चिकट माउंट दाबून बसवला होता. पाच मिनिटांत पक्का होतो, असं दुकानदाराने सांगितलेलं. खाडीत तासभर काहीच झालं नाही. संगमाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर एक लाट आडवी फुटली, नाळ उचलली गेली, आपटली, आणि समोर बघते तर कॅमेरा नाही. प्लॅस्टिकवर चिकटपट्टीचा मागमूसही नव्हता. फणसाचं पान सालीवरून सुटावं तशी ती अख्खी सुटून कॅमेऱ्यासोबत तळाला गेली होती.

किनाऱ्यावर एक म्हातारे काका जाळं निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गो चेडवा, कॅमेरो चिकटवलंस, पण तेका दोरी खंय बांधलंस?" मग मी त्यांच्या होडीत नीट बघितलं. वल्ही, नांगर, पाणी उपसायचं डबडं, सुरी, सगळ्याला दोरी होती. पाण्यावर आयुष्य काढलेली माणसं वस्तू पडणारच असं धरून चालतात.

त्यानंतरचे चार हंगाम मी तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ला या पट्ट्यात कॅमेरा लावून वल्हवते आहे. पुन्हा कॅमेरा गमावला नाही. दोनदा माउंट तुटला, पण कॅमेरा दोरीवर लोंबकळत राहिला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माझ्यासारखं पैसे घालवून शिकू नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. कयाक, पॅडल बोर्ड, हवेची रबरी कयाक, सगळ्यांना हे लागू पडतं.

काय काय लागेल

- लाइफ जॅकेट. तुमच्या मापाचं, पट्टे आवळलेलं. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.
- कॅमेरा, एक जादा बॅटरी आणि व्ही३० (व्हिडिओसाठी पुरेसा वेग) खूण असलेलं मेमरी कार्ड.
- तुमच्या होडीला चालणारा माउंट. कुठला ते पुढे येईल.
- तीन-चार मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉन दोरी, दोन मीटर. सोबत स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे कॅराबिनर (आपोआप बंद होणाऱ्या कमानीच्या कड्या).
- कॅमेऱ्याला लावायचा फ्लोट (तरंगता ठेवणारा तुकडा), भडक केशरी किंवा पिवळा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं सुती कापड, गोड्या पाण्याची एक बाटली.
- पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ओळखपत्र. कॅमेऱ्याचं बिल आणि सिरियल नंबर यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा.
- कयाक भाड्याची असेल तर मालकाची परवानगी. काय लावणार आहात ते दाखवून विचारा. भाड्याच्या कयाकला भोक पाडायचं नाही, चिकट माउंटही लावायचा नाही. तिथे फक्त पट्टा किंवा क्लॅम्प.

१. होडी कशाची आहे ते आधी ओळखा

माझी चूक इथेच झाली, आणि बहुतेकांची इथेच होते. बसून चालवायच्या उघड्या, जाड प्लॅस्टिकच्या ज्या कयाक आपल्याकडे दिसतात त्या पॉलिथिनच्या असतात. गच्चीवरची पाण्याची टाकी जशी साचा फिरवून बनवतात, तशाच याही बनतात. टाकीची चीर घरच्या घरी एम-सील लावून बुजवायचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला ठाऊक असेल, काही दिवसांत तो गोळा जसाच्या तसा निघून हातात येतो. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणचट असतो, गोंद त्याला धरतच नाही. त्यात अशा कयाकचा वरचा भाग पाय घसरू नये म्हणून मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो, म्हणजे चिकटपट्टी टेकते ती फक्त उंचवट्यांवर. सक्शन कपचंही तेच. खरबरीत जागेवर त्याच्या कडेने हवा आत शिरत राहते आणि अर्ध्या तासात तो सुटतो.

फायबरची कयाक असेल तर गोष्ट वेगळी. तिचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यावर चिकट माउंट उत्तम बसतो आणि सक्शन कपही धरतो. नखाने ओढून बघा: पॉलिथिनवर नख किंचित रुततं, फायबरवर घसरतं. ठोकून बघितलं तर फायबरचा आवाज कडक येतो.

हवेच्या कयाकला आणि फुगवायच्या पॅडल बोर्डला पीव्हीसीचं कापड असतं. हवा कमीजास्त होते तसं ते ताणतं, सैल पडतं, आणि साधी चिकटपट्टी त्या हालचालीत उकलते. तिथे पीव्हीसीचाच तळ असलेला माउंट, पीव्हीसीच्या गोंदाने कायमचा चिकटवावा लागतो. पंक्चरचं ठिगळ लावतो तेच काम आहे.

लाकडी होडीतून जाणार असाल तर काठाला क्लॅम्प लावा, मध्ये रबराचा तुकडा घाला. उलांडीला (होडीच्या बाजूला तोल सांभाळायला बांधलेल्या लाकडाला) कॅमेरा बांधू नका. ती सतत पाण्यात बुडते आणि वर येते, चित्रात फेसाशिवाय काही मिळत नाही.

२. जागा ठरवा, तीही अंगणात बसून

कयाक अंगणात किंवा वाळूवर ठेवा, तुमच्या नेहमीच्या जागी बसा आणि डोळे मिटून वीस-पंचवीस वल्ही मारा. घरचं कोणीतरी बाजूला उभं करून वल्ह्याचं पातं कुठून कुठे फिरतं ते बघायला सांगा. दमल्यावर पातं वेडंवाकडं पडतं, म्हणून त्या फिरण्याच्या बाहेर आणखी वीतभर जागा मोकळी सोडा. कॅमेरा तिथे यायला नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कयाक उलटली तर तुम्ही परत कुठून चढणार? उघड्या कयाकवर आपण साधारण मधल्या भागात, बाजूने, पोटावर सरकत चढतो. त्या वाटेवर दांडा, बोल्ट, क्लॅम्पचा स्क्रू, काहीही नको. मी देवबागला एका मुलाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा अशाच दांड्यात अडकलेला पाहिला आहे. पाणी कमरेइतकं होतं म्हणून निभावलं. कॅमेऱ्याची जागा ठरवताना चित्र कसं दिसेल याआधी हाच प्रश्न विचारा.

आता चित्राचं. तीन जागा कामाच्या आहेत.

नाळेवर, कॅमेऱ्याचं तोंड तुमच्याकडे. चेहरा, वल्हं, मागचा किनारा, सगळं येतं. दांडा फूट-दीड फुटाचा पुरे. लांब दांडा मोहात पाडतो, पण जितका लांब तितका तो थरथरतो, आणि लाटेचा धक्का तळाशी तितक्याच जोराने बसतो.

मागच्या टोकाला उंच दांड्यावर, तोंड पुढे. तुमची पाठ, होडी आणि पुढची खाडी असं दृश्य मिळतं. खारफुटीच्या बोळात हेच सगळ्यात सुंदर दिसतं, फक्त फांद्या खाली आलेल्या असतील तर दांडा अडकतो.

तिसरी जागा छातीवर किंवा लाइफ जॅकेटच्या खांद्यावर. भाड्याच्या कयाकवर हीच सोपी. डोक्यावर लावू नका, आपण मान किती वळवतो ते चित्र बघितल्यावर कळतं.

वल्ह्याच्या दांड्यावर लावायचा हौशी प्रकारही असतो. दीडशे ग्रॅमचं वजन एका बाजूला पडून तासाभरात मनगट भरून येतं आणि बघणाऱ्याला भोवळ येते.

कोकणात उन्हाचा हिशोब फार सोपा आहे, कारण समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे जाताना ऊन तुमच्या पाठीवर असतं. म्हणजे नाळेवरच्या, तुमच्याकडे वळलेल्या कॅमेऱ्यात थेट सूर्य येतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. जाताना कॅमेरा पुढे वळवा, येताना स्वतःकडे. संध्याकाळी याच्या उलट. एवढं पाळलं तरी निम्मं चित्रीकरण सुधारतं.

३. माउंट बसवणे

*पट्टा आणि क्लॅम्प.* पॉलिथिनच्या किंवा भाड्याच्या कयाकसाठी मी हाच सुचवेन. नाळेवरचं उचलायचं हँडल किंवा सामान बांधायच्या दोरीच्या कड्या यांचा आधार घ्या. क्लॅम्प आवळण्याआधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. तो घसरू देत नाही आणि ओरखडेही पडत नाहीत. क्लॅम्पवरून दोन केबल टाय उलटसुलट ओढा. टोकं कापून बोटाने चाचपा, धारदार राहिली तर मांडी सोलतात.

*चिकट माउंट, फक्त फायबरवर.* आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग अल्कोहोलने पुसा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, घामाचा आणि खोबरेल तेलाचा अंश पुरेसा नुकसान करतो. सावलीत काम करा. मागचा कागद काढून माउंट टेकवा आणि अंगठ्यांनी मिनिटभर चांगला दाबून धरा. या फोमच्या चिकटपट्ट्या वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड घेतात, चोवीस तासांत नव्वद टक्के, आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. पाच मिनिटांत पक्का होणारा माउंट नसतो. बुधवारी लावा, शनिवार-रविवारी निघा. पावसाळी दमट हवेत हे काम करूच नका, पृष्ठभागावर न दिसणारी ओल असते.

*सक्शन कप.* फायबरवर, शांत खाडीत, थोड्या वेळासाठी. बसवण्याआधी कपाची कड आणि होडी दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, वाळूचा एक कण मध्ये आला तरी हवा शिरते. दर वीस मिनिटांनी दाबून बघायची सवय लावा.

*बोल्ट.* स्वतःची कयाक असेल आणि दर हंगामात चित्रीकरण करणार असाल तर रेल किंवा गोळ्याच्या सांध्याचा तळ बोल्टने बसवणं सगळ्यात भरवशाचं. भोक पाडायला मात्र हात कापतो, आणि कापावाच. काही नियम सांगते. पाण्याच्या रेषेच्या खूप वर, वरच्या पृष्ठभागावरच भोक पाडा. बसायच्या जागी तळातून आरपार जाणाऱ्या पाणी निचऱ्याच्या नळ्या असतात, त्यांच्या जवळ जाऊ नका. आत हात पोचत असेल तर आतून मोठा वॉशर आणि नायलॉनचा नट. पोचत नसेल तर बाहेरून आवळल्यावर आत फुगणारे रबरी नट मिळतात, ते वापरा. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. हार्डवेअरच्या दुकानात सहसा ३०४ प्रतीचे देतात, खाऱ्या पाण्यात त्यांच्यावर लवकर तांबूस डाग धरतात. भोकात आणि बोल्टच्या माथ्याखाली समुद्री कामाचं सीलंट भरा, एक दिवस वाळू द्या. फायबरवर भोक पाडताना त्या जागी आधी कागदी चिकटपट्टी लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलट फिरवून वरचा थर घासून काढा, म्हणजे तो तडकत नाही. मालवण, वेंगुर्ल्याला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. पहिल्यांदा करत असाल तर त्यांच्याकडूनच करून घ्या. त्यांचा हात आणि आपला हात यात फार फरक आहे.

माउंट कुठलाही असो, दोन बारकावे. कॅमेऱ्याच्या बिजागरीचा स्क्रू हाताने कितीही आवळला तरी लाटांच्या धक्क्यांनी कॅमेरा हळूहळू मान टाकतो आणि तासाभराने तुमच्या पायाच्या बोटांचं चित्रीकरण होत राहतं. चावीने पाव फेरा जास्त द्या. आणि खटकन बसणाऱ्या क्लिपसोबत एक छोटा पांढरा रबरी तुकडा येतो. तो क्लिपच्या दोन पायांमध्ये खोचायचा असतो, म्हणजे ते आत दबून क्लिप सुटत नाही. बरेच जण तो कशाचा ते न कळून फेकून देतात.

४. दोरी

खरं तर ही पायरी पहिली, आणि घाईत हीच राहते.

दोरीचं एक टोक कॅमेऱ्याच्या चौकटीला किंवा बाहेरच्या घराला (कॅमेरा ज्यात बंद करतात त्या पाणी न शिरणाऱ्या डबीला), दुसरं होडीच्या अंगच्या पक्क्या कडीला. माउंटच्या तळाला दोरी बांधून काही उपयोग नाही, तळच सुटला तर दोरीही त्याच्यासोबत जाते. माझ्या ओळखीत दोघांचे कॅमेरे असेच गेले.

लांबी किती? माउंटपासून कडीपर्यंतचं अंतर अधिक चार बोटं. लांब दोरी वल्ह्याला गुंडाळते, पायात येते, आणि उलटल्यावर पाण्याखाली घोट्याला वेढा घातला तर जिवावर बेतू शकतं. उंच दांड्यावर कॅमेरा असेल तर दोरी दांड्यालाच मध्ये दोन ठिकाणी पट्टीने धरून खाली आणा, मोकळी लोंबू देऊ नका.

तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉन धागा) वापरू नका. तो दिसत नाही म्हणून चित्रात बरा वाटतो, पण नवख्याच्या हातची गाठ त्यात निसटते आणि ताण आला की बोट कापतो. विणलेली दोरी घ्या, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. गाठ कुठली मारायची हे वाचून शिकण्यापेक्षा जेटीवर कुणा खलाशाला दाखवायला सांगा. दोन मिनिटांत शिकवतात, आणि अशी गाठ पुन्हा कधी सुटत नाही. गाठ ओली करून आवळा, नायलॉन ओला झाला की थोडा ताणतो.

दोरी स्वतःच्या मनगटाला, गळ्याला किंवा लाइफ जॅकेटला बांधायची नाही. कॅमेरा होडीचा सोबती, तुमचा नाही.

फ्लोटही लावा. दोरी असली तरी लावा. हे कॅमेरे पाण्यात दगडासारखे जातात. विकत घेतलेला फ्लोट तुमच्या कॅमेऱ्याला पुरतो का, ते बादलीत टाकून बघा. घरच्या बादलीत तरंगला तर खाऱ्या पाण्यात तरंगणारच, खारं पाणी जड असतं. बादलीत जेमतेम तरंगत असेल तर मोठा घ्या.

कॅमेऱ्यावर स्केच पेनने फोन नंबर लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. कार्डवरचा पहिला फोटोही नंबर लिहिलेल्या कागदाचाच काढा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात तेव्हा जाळ्यात माशांसोबत काय काय येतं ते पाहिलं आहे. नंबर असेल तर माणसं फोन करतात.

५. खोट्या कॅमेऱ्याने परीक्षा

छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत दीडशे-दोनशे ग्रॅम वाळू भरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि ती कॅमेऱ्याच्या जागी बांधा. कमरेइतक्या पाण्यात जा, सोबत कोणीतरी हवंच. कयाक मुद्दाम उलटी करा. सरळ करा. वर चढा. तीनदा करा, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या, एकदा दमल्यावर. कुठे काय टोचलं, काय अडकलं, दोरी कुठे गुंडाळली ते लगेच कळेल. डबी जागेवर राहिली तर कॅमेरा राहील.

माझी स्वतःची मांडणी या परीक्षेत दोनदा नापास झाली, तेव्हा मी दांडा नाळेच्या आणखी पुढे नेला.

६. कॅमेऱ्याची तयारी

यावर फार लिहीत नाही, प्रत्येक कॅमेऱ्याची पुस्तिका असते. पाण्याशी संबंधित तेवढं सांगते. गोप्रोचे अलीकडचे कॅमेरे वेगळ्या घराशिवाय १० मीटरपर्यंत पाणी सोसतात, डीजेआय अ‍ॅक्शन ४ अठरा मीटर. हे आकडे बॅटरीचं दार पूर्ण बंद असेल तरच खरे. दाराच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तर गुडघाभर पाण्यातही कॅमेरा मरतो. दार घरीच बंद करा, रबर ओल्या फडक्याने पुसून, आणि किनाऱ्यावर ते उघडायची वेळच येऊ देऊ नका.

बॅटरी साधारण तास-दीड तास चालते, म्हणून सतत चित्रीकरण नको. दर दोन-पाच सेकंदांना एक फोटो घेण्याची सोय लावली तर बॅटरी बरीच जास्त पुरते आणि खाडीचं चित्र त्यातही छान येतं. कार्डचा हिशोब असा: सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी लागतात.

कॅमेरा होडीवर बसवलेला असताना कंप घालवायची सोय पूर्ण ताकदीने ठेवू नका. ती क्षितिज स्थिर धरते आणि होडीच चौकटीत डुलताना दिसते. शांत खाडीत कमीवर ठेवा किंवा बंद करा.

निघेपर्यंत कॅमेरा उन्हात ठेवू नका. काळं प्लॅस्टिक आणि मार्चचं ऊन, कॅमेरा तापून बंद पडतो. ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवा.

७. थेंब आणि वाफ

काचेवर एक थेंब थबकला की अर्ध्या तासाचं चित्रीकरण वाया. सर्फिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे: काचेला जिभेने ओलं करायचं आणि लगेच पाण्यात बुडवायचं. त्याने पाणी थेंबाथेंबाने न थांबता पातळ पापुद्र्यासारखं पसरून ओघळतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी करा. बोटाने पुसू नका, बोटाला सनस्क्रीन लागलेलं असतं आणि त्याचा तेलकट ढग काचेवर बसतो.

वेगळं घर वापरत असाल तर आतून वाफ धरते. कोकणातली हवा दमट, कॅमेरा आतून गरम आणि बाहेर पाणी गार, मग आतली ओल काचेवर जमते. घर बंद करायचं काम किनाऱ्यावर करू नका. आदल्या रात्री कोरड्या खोलीत, ओल शोषणाऱ्या पट्ट्या आत घालून बंद करा.

८. तिथी, वारा आणि जागा

माउंट कितीही चांगला असो, चुकीच्या वेळी चुकीच्या जागी गेलात तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे भरतीचा तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, पावणेदहाला, ओहोटी. म्हणजे पंचमीच्या सकाळी सात ते साडेनऊ पाणी बाहेर ओढत असतं. अशा वेळी संगमाकडे जायचं नाही. एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ ते नऊला, म्हणजे सकाळी सातला निघालात तर पाणी तुम्हाला खाडीत आत नेतं, खारफुटीच्या बोळांत भरपूर खोली मिळते आणि चिखलात रुतत नाही. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि तिथल्या होडीवाल्याला विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण नवख्यांनी टाळा, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी.

सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं आणि तुम्ही नकळत बाहेर जात असता. कॅमेऱ्यात मान घालून बसलेल्या माणसाला ते शेवटी कळतं. चालू-बंद करणं, चित्र तपासणं हे सगळं किनाऱ्याला टेकून करा. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा सुटायच्या आत परत या.

शिकायला कर्लीची खाडी, आचऱ्याची खाडी, वेंगुर्ल्याजवळची मांडवी खाडी चांगल्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती खडक आणि प्रवासी होड्यांची वर्दळ आहे, तिथे माहीतगार सोबत असल्याशिवाय नको. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत, तिथे पाण्यात हात घालून कॅमेरा धरायची हौस करू नका. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, जलक्रीडा बंदच असतात. भाड्याने घेताना चालकाकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच कसला.

९. विचारून टिपा

बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत कॅमेरा बंद. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियम वनविभागाकडून समजून घ्या.

रापण ओढणारी माणसं, मासे निवडणाऱ्या बायका, खाडीत कालवं काढणाऱ्या बायका हे सगळं आपल्याला चित्र वाटतं. त्यांचं ते काम आहे. कॅमेरा होडीवर लावलेला असला की तो चालू आहे हे समोरच्याला कळत नाही, म्हणून आपणच सांगायचं. "काकी, व्हिडिओ चालू आसा, घेव काय?" एवढं विचारलं की बहुतेक जणी हसून हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर नाळ वळवा.

खारफुटीत ऊद (पाणमांजर) दिसला, फांदीवर खंड्या दिसला, तर वल्हं थांबवा आणि होडी वाहू द्या. जवळ जायचा मोह झाला तरी अंतर राखा. खारफुटीच्या फांद्यांना क्लॅम्प लावून चित्रीकरण करू नका, कोवळी साल सोलवटते.

१०. घरी आल्यावर

त्याच दिवशी, जेवायच्या आधी. कॅमेरा दार न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, बटणं पाण्यातच चार-सहा वेळा दाबा, म्हणजे फटीतलं मीठ सुटतं. नळाची जोरदार धार दारावर मारू नका. कापडाने टिपा, सावलीत पूर्ण वाळू द्या, आणि मगच कोरड्या हातांनी दार उघडा.

माउंट सगळे सुटे करा. स्क्रू काढा, धुवा, वाळवा, आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. हे एकदा राहिलं की पुढच्या वेळी स्क्रू पक्कडीनेही हलत नाही. दोरी गोड्या पाण्यातून काढा आणि पूर्ण लांबी बोटांतून सरकवा. कुठे धागा पिसलेला लागला, किंवा कॅराबिनरची कमान आपोआप बंद होत नसेल, तर तो बाजूला काढा. दोरी चाळीस-पन्नास रुपयांची असते, दर हंगामाला नवी घ्या.